नर्मदा: अमरकंटकपासून आपल्या टाकीपर्यंत

टाकी धुवायला गेलं की आम्ही आधी तळ बघतो. बोअरच्या टाकीत भिंतींना पांढरे, टणक क्षार धरलेले असतात. नर्मदेच्या लाईनवरच्या टाकीत तळाशी बोटाला लागणारा मऊ, तपकिरी गाळ सापडतो. दोन्हींचे उपाय वेगळे, कारण पाणीच वेगळं.

नर्मदेचा उगम मैकल डोंगरात, अमरकंटकला. शोण नदीही तिथलीच, पण ती गंगेला मिळते आणि नर्मदा पश्चिमेची वाट धरते. जबलपूरजवळ धुवांधार धबधब्यावरून कोसळून ती भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून निघते. पुढे विंध्य आणि सातपुड्यामधल्या खचदरीतून (जमीन खचून झालेल्या दरीतून) तवा नदीला सोबत घेत, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, मंडलेश्वर, महेश्वर करत १,३१२ किलोमीटरचा प्रवास भरूचपलीकडे खंभातच्या आखातात संपतो. हिमनदीचा आधार तिला नाही. सगळी मदार पावसावर, जंगलांतून झिरपणाऱ्या झऱ्यांवर आणि धरणांतल्या साठ्यावर.

आपलं इंदूर मात्र तिच्या खोऱ्यात नाहीच! इथल्या अंगणातला पाऊस कान्ह, क्षिप्रा, चंबळ, यमुना असं करत बंगालच्या उपसागराकडे जातो. दक्षिणेला चोरल नदीच्या बाजूने उतार नर्मदेकडे वळतो. म्हणजे नळाचं पाणी विंध्याचा चढ चढून आलेलं आहे. मंडलेश्वरजवळच्या जलूदला ते उचलतात, तुरटी-क्लोरीनने शुद्ध करतात आणि टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवून सुमारे ७० किलोमीटरवरून शहरात आणतात. १९७० साली इंदूरकरांनी यासाठी मोठं आंदोलन केलं आणि १९७८ मध्ये पाणी आलं. त्याआधी भिस्त यशवंत सागर आणि बिलावली या तलावांवर होती. इतक्या कष्टाचं पाणी गच्चीवरून वाहून जाताना आम्हाला बघवत नाही. टाकीचा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारी तरंगती झडप) नीट बंद होतो का, हे आम्ही प्रत्येक वेळी तपासतो. आपणही अधूनमधून पाहत जा.

पावसाळ्यात नदी गढूळ होते. शुद्धीकरणानंतरही राहिलेला बारीक गाळ टाकीत हळूहळू बसतो, म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास एकदा आणि उन्हाळ्याआधी एकदा टाकी धुवून घ्यावी.

नर्मदेचं पाणी बोअरच्या मानाने हलकं, म्हणजे कमी क्षारांचं असतं. घरात फक्त तेच येत असेल तर क्षार काढणारं आरओ घेण्याची घाई करू नका. बहुतेक घरांत गाळ अडवणारा फिल्टर आणि जंतू मारणारं यूव्ही पुरतं. बोअर त्याच टाकीत सोडत असाल तर शक्यतो हौद वेगळा ठेवा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, आम्ही आपल्यासमोर मोजून दाखवतो. मशीन कोणतं घ्यायचं, ते आकडा पाहून ठरवू.