‘नर्व्हस’ या शब्दामागची दोरी

शरीररचनाशास्त्रात मज्जातंतूला ‘नर्व्हस’ म्हणतात. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ मात्र संवेदनेशी निगडित नव्हता. रोमन माणसाला त्यातून कंडरा (मांस हाडाला जोडणारी चिवट दोरी), आतड्याची तार, धनुष्याची दोरी आणि त्यावरून बळ असे अर्थ कळत. रोमन वक्ता सिसेरो याने अमाप पैशाला युद्धाचे ‘नर्व्हस’ म्हटले ते याच अर्थाने. म्हणून ‘नर्व्होसस’ म्हणजे पीळदार, जोमदार. त्यावरून आलेल्या इंग्रजी शब्दाने आज आपण घाबरलेल्या माणसाला ‘नर्व्हस’ म्हणतो, तो अर्थ पुष्कळ नंतरचा आहे.

ग्रीक ‘न्यूरॉन’चीही हीच कथा. होमरच्या काव्यात तो कंडरा आणि धनुष्याची दोरी यांच्याशी जोडलेला आहे. मज्जातंतू आणि कंडरा दोन्ही पांढरे, चिवट आणि दोरीसारखे दिसत असल्याने उघड्या डोळ्यांना ते वेगळे वाटत नसत. अ‍ॅरिस्टॉटलने तर ‘न्यूरॉन’चा उगम हृदयात मानला. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि एरासिस्ट्रॅटस या वैद्यांनी मानवी शवविच्छेदन करून मेंदूशी जोडलेले तंतू ओळखले. नवा शब्द न घडवता त्यांच्यासाठी जुनेच नाव वापरात राहिले, आणि पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याने मज्जातंतू, अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारे पट्टे) व कंडरा यांतील भेद नीट मांडला. तरीही ‘अपोन्युरोसिस’ या आजच्या संज्ञेत, म्हणजे पसरट कंडरेच्या नावात, जुना अर्थ जिवंत आहे.

मराठी वाचकाला याहून जवळचा धागा संस्कृतात सापडतो. ‘स्नावन्’ आणि ‘स्नायु’ हे शब्द भाषाशास्त्रज्ञ ‘न्यूरॉन’ व ‘नर्व्हस’ यांच्याच कुळातले मानतात. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी आणि ९०० स्नायू वेगवेगळे मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचे भाग, तर स्नायू म्हणजे बांधणारे तंतू. फळ्या अनेक बंधनांनी घट्ट बांधलेली नाव पाण्यात भार सोसते, तसा सांध्यांना स्नायूंनी बांधलेला माणूस भार पेलतो, ही तिथली उपमा मला फार नेमकी वाटते.

पुढे या शब्दाच्या वाटा फुटल्या. मराठीत ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन पावणारे मांस झाले, आणि ‘पेशी’ हा शब्द जिवाच्या सूक्ष्म घटकाला मिळाला. बंगालीत मात्र ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू, अगदी लॅटिन ‘नर्व्हस’प्रमाणे. त्यामुळे जुना आयुर्वेदीय ग्रंथ वाचताना ‘स्नायू’ दिसला की आजचा मराठी अर्थ बाजूला ठेवावा लागतो.