कॉम्बो प्लेअरची जोडणी

कॉम्बो प्लेअरची जोडणी : डीव्हीडी तबकडी आणि व्हीएचएस कॅसेट ही दोन्ही एकाच पेटीत चालवणारे यंत्र टीव्ही संच व केबलचा सेट-टॉप बॉक्स यांच्याशी तारांनी जोडण्याची पद्धत. व्हीएचएस १९७६ साली जपानमध्ये बाजारात आली, डीव्हीडी १९९६ साली. या दोन पिढ्यांच्या सांध्यावर, घरात कॅसेटींचा ढीग असताना तबकड्याही येऊ लागल्या त्या काळात, ही जोडयंत्रे खपली. फुनाई या जपानी कंपनीने २०१६च्या जुलैत व्हीसीआरचे, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या यंत्राचे, उत्पादन थांबवले. त्यामुळे आज हाताशी असते ते यंत्र बहुधा माळ्यावरून उतरवलेले, आणि त्याची माहितीपुस्तिका हरवलेली.

प्रत्येक सॉकेटजवळ ‘इन’ किंवा ‘आउट’ असे लिहिलेले असते, आणि यंत्रामागचा सगळा गुंता या दोन शब्दांनी सुटतो. चित्र जिथून निघते तिथे आउट, जिथे पोचते तिथे इन. पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. प्लेअरच्या एव्ही (चित्र-आवाज) आउटमधून निघालेली ही तीन पिनांची तार टीव्हीच्या एव्ही इनमध्ये खोचली आणि रिमोटवरील सोर्सचे बटण दाबून एव्ही निवडले, की कॅसेट आणि तबकडी दोन्ही दिसतात. आवाज एकाच बाजूने आला तर आधी पांढरी आणि लाल पिन हलवून पाहावी. जुन्या सॉकेटांना गंज धरतो आणि पिन गोल फिरवून बसवली की पुष्कळदा काम होते.

फसगत होते ती जास्त चांगल्या सॉकेटांच्या मोहाने. कॉम्बोच्या पाठीवर एस-व्हिडिओ किंवा हिरवा-निळा-लाल असा कंपोनंट संच असतो. त्यातून डीव्हीडीचे चित्र पिवळ्या पिनेपेक्षा स्वच्छ येते, पण बऱ्याच यंत्रांत या सॉकेटांवर फक्त डीव्हीडीच सोडलेली असते. कॅसेट घातली की पडदा काळा, आणि घरात निष्कर्ष निघतो की हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, गेले. यंत्र धड असते. कॅसेट पिवळ्या पिनेवर वाट पाहत असते. म्हणून दोन्ही तारा जोडून ठेवाव्यात आणि टीव्हीवर सोर्स बदलावा. कंपोनंटमधून आवाज जात नाही, त्याला वेगळी पांढरी-लाल जोडी लागते. म्हणजे लाल पिना दोन होतात, एक चित्राची, एक आवाजाची, आणि त्यांची अदलाबदल हमखास होते.

चपट्या टीव्हींत आणखी एक खोच आहे. जागा वाचवण्यासाठी अनेक संचांत पिवळ्या पिनेचे सॉकेट आणि कंपोनंटचे हिरवे सॉकेट एकच असते; त्याच्या कडेला अर्धी पिवळी, अर्धी हिरवी रिंगही दिसते. पिवळी तार तिथे लावली आणि सोर्स मात्र कंपोनंट ठेवला, तर चित्र नीट पण कृष्णधवल दिसते. एव्ही सोर्स निवडताच रंग येतात. काही संचांत तीन सॉकेटांऐवजी हेडफोनसारखे एकच बारीक भोक असते. त्याची चार कड्यांची तार दिसायला सारखी, पण कड्यांचा क्रम सर्वत्र एक नसतो. टीव्हीसोबत आलेली तारच वापरलेली बरी.

सेट-टॉप बॉक्सचे स्थान : अ‍ॅनालॉग केबलच्या दिवसांत केबलवाल्याची काळी वायर आधी व्हीसीआरच्या आरएफ इन या केबल-अँटेनाच्या सॉकेटमध्ये जाई आणि तिथून टीव्हीत. व्हीसीआरला स्वतःचा ट्यूनर (वाहिनी निवडणारा भाग) असल्यामुळे एक वाहिनी पाहता पाहता दुसरी टेपवर उतरवता येत असे. केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणात मुंबईचा पहिला टप्पा ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी आला, पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या मोठ्या शहरांचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०१३ रोजी, बाकी महाराष्ट्र त्यानंतर. तेव्हापासून व्हीसीआरच्या ट्यूनरला नुसत्या मुंग्या दिसतात. सवयीने वायर अजूनही त्यातून फिरवणारे आहेत. त्याने सिग्नल कमकुवत होण्यापलीकडे काही साधत नाही. वायर थेट बॉक्समध्ये जावी, आणि बॉक्स एचडीएमआयने टीव्हीला जोडावा. प्लेअरची वाट वेगळी, बॉक्सची वेगळी.

मालिका किंवा सामना कॅसेटवर उतरवायचा असेल तरच या दोन वाटा जुळवाव्या लागतात: बॉक्सच्या एव्ही आउटमधून तीन पिना प्लेअरच्या एव्ही इनमध्ये, आणि प्लेअरवर एल१ किंवा ऑक्स अशा नावाचा इनपुट निवडावा. जी वाहिनी बॉक्सवर लागली आहे तीच टेपवर जाते. रेकॉर्डिंग चालू असताना कोणी रिमोट दाबला तर तेही कायमचे नोंदले जाते.

वेगळा डीव्हीडी प्लेअर मात्र व्हीसीआरमधून फिरवून टीव्हीला जोडू नये. विकतच्या तबकड्यांची नक्कल रोखणारे मॅक्रोव्हिजन संरक्षण व्हीसीआरच्या सिग्नल-नियंत्रणाला चकवते आणि चित्र दर काही सेकंदांनी अंधारते-उजळते. टीव्ही बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावण्याआधी ही तार तपासावी.

परदेशातल्या कॅसेटी : भारतातील टीव्ही-चित्राच्या पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चौकटी असतात, अमेरिकेच्या एनटीएससीत ५२५ रेषा आणि सुमारे ३० चौकटी. न्यू जर्सीहून मावशीने पाठवलेली बारशाची कॅसेट इथल्या केवळ पाल यंत्रात घातली की चित्र गुंडाळते किंवा रंग उडतात, ते यामुळे. तबकड्यांना याखेरीज, ती कोणत्या प्रदेशातल्या यंत्रात चालावी हे सांगणारा विभाग क्रमांकही असतो, अमेरिकेचा १, भारताचा ५.

आज ही जोडणी बहुतेक घरांत एकाच कामासाठी केली जाते, लग्नामुंजीच्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेण्यासाठी. टीव्हीऐवजी यूएसबीचे छोटे कॅप्चर यंत्र, एवढाच फरक. पिना त्याच तीन. कॅसेट आत ढकलण्यापूर्वी तिच्या पारदर्शक खिडकीतून टेपच्या कडेकडे बघावे. मुंबईच्या आणि कोकणच्या पावसाळ्यांनी तिथे पांढरी बुरशी धरलेली असते. ती कॅसेट तशीच चालवली, तर बुरशी हेडवर बसते आणि पाठोपाठ घातलेली चांगली कॅसेटही रेघारेघांची दिसते.