लायडन पात्र

विद्युत् भार साठविण्याचे सर्वांत जुने साधन. आजच्या धारित्राचा (कंडेन्सरचा) पूर्वज. काचेच्या बरणीला आतून-बाहेरून कथिलाचा वर्ख लावतात व आतल्या वर्खाला पितळी दांडी जोडतात. दांडीला भार दिला की भूमीशी जोडलेल्या बाहेरच्या वर्खावर जवळजवळ तितकाच विरुद्ध भार येतो. काच निरोधक असल्याने परस्परांना ओढणारे हे भार एकत्र येत नाहीत. तारेने वर्ख जोडताच ठिणगी पडून पात्र रिकामे होते.

शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. पोमेरेनियातील कामीन येथील धर्माधिकारी एव्हाल्ट फोन क्लाइस्ट यांना ऑक्टोबर १७४५ मध्ये औषधाच्या बाटलीत खिळा ठेवून जबर झटका बसला. नेदरलँड्समधील लायडनला प्राध्यापक पीटर व्हान मुसेनब्रुक यांच्याकडे हाच परिणाम १७४५-४६ च्या हिवाळ्यात दिसला. तेथे पहिला झटका आंद्रेआस कुनेउस या हौशी वकिलाने घेतला, असे सांगतात. भारित वस्तू निरोधकावर ठेवावी असा त्या काळचा नियम होता. तो पाळला तर येथे फारसे काही साठत नाही, कारण बाटली धरणारा हातच बाहेरचा वर्ख असतो. कुनेउस यांना नियम ठाऊक नसावा, म्हणून त्यांनी बाटली हातातच धरली. क्लाइस्ट यांच्या पत्रांवरून इतरांना प्रयोग साधेना, तर मुसेनब्रुक यांनी जानेवारी १७४६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांना लिहिलेले पत्र पॅरिसमध्ये गाजले. फ्रेंच धर्मगुरू व भौतिकीविज्ञ आबे नोले यांनी नाव दिले ते लायडनचेच. दोन्ही शोध स्वतंत्र मानणे व अग्रक्रम क्लाइस्ट यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

भार नेमका कोठे राहतो? पात्राचे भाग सुटे करून पुन्हा जोडले तरी ठिणगी पडते, यावरून तो काचेत असतो असे बेंजामिन फ्रँक्लिन यांनी म्हटले. हे निरीक्षण खरे असले, तरी भाग सुटे करताना होणाऱ्या प्रभा-विसर्जनामुळे (हवेतून होणाऱ्या मंद विद्युत् गळतीमुळे) भार वर्खावरून काचेच्या पृष्ठावर जातो, असे झेलेनी यांनी १९४४ मध्ये दाखविले. ऊर्जा मात्र वर्खांमधील विद्युत् क्षेत्रात असते. धारिता (भार साठविण्याची क्षमता) व विद्युत् दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी ती भरते. १ नॅनोफॅरड (धारितेच्या फॅरड या एककाचा एक अब्जांश) धारितेचे पात्र ३०,००० व्होल्टपर्यंत भारित केल्यास ती अवघी ०.४५ जूल होते, पण ठिणगीत ती क्षणार्धात बाहेर पडते. हे विसर्जन बहुधा एकदिश नसून आंदोलित (पुढे-मागे होणारे) असते. प्रारंभीच्या बिनतारी प्रेषकांत या गुणाचा उपयोग झाला.

एकदा रिकाम्या केलेल्या पात्रात थोड्या वेळाने पुन्हा काही भार दिसतो. काचेतील ध्रुवण (विद्युत् क्षेत्रामुळे काचेतील भारांचे किंचित सरकणे) सावकाश ओसरत असल्याने असे होते.