पेरणीयंत्राचं पेटंट, वर्कशॉपचं गुपित : अर्ज नेमका कुठे अडतो

वाळूज, चिकलठाणा, जालना; वर्कशॉपवाल्यांचा प्रश्न ठरलेला. एकाच यंत्रावर पेटंटही घ्यायचं आणि युक्तीही झाकून ठेवायची, जमतं का? जमतं. पण काय उघडं करायचं ते अर्ज लिहिण्याआधी ठरवा.

पेटंट 20 वर्षांचं मिळतं, त्या बदल्यात सगळी कृती लिहून द्यावी लागते. तुम्हाला माहीत असलेली सर्वात चांगली पद्धत सांगणं पेटंट कायद्याच्या कलम 10 नुसार सक्तीचं आहे. बियाणं सोडणाऱ्या चकतीवर हक्क मागायचा आणि तिला पाणी कसं दिलं (तापवून, थंड करून कडक कशी केली) तेवढं गाळायचं, ही हुशारी अंगाशी येते. मिळालेलं पेटंटही त्यावरून रद्द होऊ शकतं. अर्जानंतर सुचलेली सुधारणा, माल कुणाकडून कोणत्या भावात घेता, हे खुशाल गुपित ठेवा. अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, मग पेटंट मिळो न मिळो. विचार बदलला तर 15 महिन्यांच्या आत अर्ज मागे घ्या.

सगळ्यात जास्त जण एकाच ठिकाणी पडतात. आधी तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात यंत्र मांडलं, चार नग विकले, यूट्यूबवर टाकलं, मग अर्ज. पेटंटला यंत्र अर्जाआधी जगासमोर आलेलं नसावं लागतं; ते नावीन्य तिथंच संपलं. प्रदर्शनासाठी 12 महिन्यांची सवलत आहे, पण फक्त केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना. आणि पेरणीच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही, यंत्रावर मिळतं.

अर्जाचे फॉर्म 1, 2, 3, 5 ऑनलाइन जातात, मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे. व्यक्तीला शुल्क 1600 रुपये. कंपनीला 8000, उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग नोंदणीचं) आणि फॉर्म 28 (आपण लहान उद्योग आहोत हे सांगणारा) जोडला तर 1600च. एवढे दोन कागद विसरून लोक पाचपट भरतात!

कुणाकडेच नसतो तो कागद वेगळाच. शोध मिस्त्रीचा, अर्ज मालकाच्या कंपनीचा. मग मिस्त्रीने हक्क दिल्याची सही कुठे आहे? ती अर्जावर नसेल तर 6 महिन्यांत पुरावा द्यावा लागतो. तोवर मिस्त्री पुण्याला गेलेला असतो. सही आजच घ्या, बाबांनो.

तारीख राखायला आधी टाकलेला तात्पुरता अर्ज म्हणजे पेटंट नव्हे. 12 महिन्यांत पूर्ण तपशील गेला नाही तर तो सोडून दिल्याचं धरतात. कार्यालयाने अर्ज तपासावा ही मागणी (फॉर्म 18) पहिल्या अर्जाच्या तारखेपासून 31 महिन्यांत करायची. प्रसिद्धीपासून मोजू नका.

गुपितासाठी मात्र ना फॉर्म, ना नोंदवही, ना आपल्याकडे स्वतंत्र कायदा. तुमची बाजू टिकते ती करारावर आणि माहिती किती जणांच्या हाती होती त्यावर. 'गुपित फोडणार नाही' असं लिहून घ्या; 'सोडल्यावर दुसरीकडे काम करणार नाही' हे कलम करार कायद्याच्या कलम 27 पुढे टिकत नाही.