विद्युत रोध व शक्ती यांचे गणन

एखाद्या उपकरणाच्या दोन टोकांमधले व्होल्टेज आणि त्यातून वाहणारी धारा ही दोन मापे हाती असली, की त्याचा रोध (धारेला होणारा अडथळा) आणि ते खर्च करत असलेली शक्ती काढता येते. तापमान कायम असेल तर वाहकातील धारा व्होल्टेजच्या प्रमाणात वाढते, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून रोध = व्होल्टेज ÷ धारा (ओहममध्ये) आणि शक्ती = व्होल्टेज × धारा (वॅटमध्ये). दोन्ही एकत्र केली की शक्तीची आणखी दोन रूपे मिळतात : धारेचा वर्ग × रोध, किंवा व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध.

२३० व्होल्टवर चालणारा १,५०० वॅटचा गिझर ६.५२ अँपिअर धारा घेतो, म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध सुमारे ३५ ओहम. व्होल्टेज १८० वर उतरले तर रोध जवळपास तोच राहतो आणि शक्ती वर्गाच्या प्रमाणात घटून ९२० वॅटच्या आसपास येते. व्होल्टेज २२ टक्के कमी, पण उष्णता ३९ टक्के कमी. पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो तो यामुळे. पिवळ्या बल्बचे मात्र वेगळे. १०० वॅटच्या पेटलेल्या बल्बचा रोध ५२९ ओहम असतो, तर तोच बल्ब थंड असताना मीटर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दाखवतो, कारण तार तापली की रोध वाढतो. म्हणून बल्बचा थंड रोध मोजून त्यावरून वॅट काढू नयेत.

खानदेशात शेतीचा मुख्य भार म्हणजे विहिरीवरची किंवा बोअरमधली तीन फेजची मोटार, आणि नेमका हा साधा हिशोब तिला लागू पडत नाही. मोटारीत धारा व्होल्टेजच्या मागे राहते. तिथे व्होल्टेजला धारेने भागून येतो तो संरोध, म्हणजे तारेचा रोध आणि तिच्या चुंबकीय परिणामाचा अडथळा मिळून येणारा आकडा. गुंडाळीचा खरा रोध त्याहून पुष्कळ कमी असतो. शक्तीसाठी सूत्र असे : १.७३२ × दोन फेजमधले व्होल्टेज × धारा × शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर, म्हणजे धारा मागे राहिल्याने शक्ती किती घटते ते सांगणारा, १ पर्यंतचा आकडा). पाच एचपीची मोटार ४१५ व्होल्टवर ८ अँपिअर घेत असेल आणि शक्तिगुणक ०.८५ असेल, तर ती सुमारे ४,८९० वॅट ओढते, म्हणजे तासाला जवळजवळ ४.९ युनिट. पाच एचपी म्हणजे ३,७३० वॅट, मग जास्त का? एचपी हा शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचा आकडा. उरलेली मोटारीतच उष्णता होऊन जाते.

व्होल्टेज पडले की मोटार गिझरच्या उलट वागते. पंपावरचा भार तसाच असल्याने ती धारा वाढवून शक्ती भरून काढते. ४१५ ऐवजी ३४० व्होल्ट मिळाले तर ८ अँपिअरचे जवळपास १० होतात आणि गुंडाळीतली उष्णता धारेच्या वर्गाने, म्हणजे सुमारे दीडपट, वाढते. अशा वेळी स्टार्टर वारंवार ट्रिप होतो म्हणून ओव्हरलोड रिलेचा (धारा ठरलेल्या आकड्याबाहेर गेली की मोटार बंद करणाऱ्या भागाचा) आकडा वर सरकवणे हा मोटार जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. रिले मोटारीच्या पाटीवरील धारेलाच लावावा. फेज गेला तर उरलेल्या दोन फेजमधली धारा याहूनही झपाट्याने चढते. त्यासाठी फेज गेला की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच.

मापे घेताना मोटार भारावर चालू असावी आणि व्होल्टेज स्टार्टरच्या बाहेर जाणाऱ्या टोकांवर मोजावे. डीपीजवळचा (ट्रान्सफॉर्मरजवळचा) आकडा इथे उपयोगाचा नाही. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरमनचा टाँग टेस्टर, एकाच वायरभोवती धरावा. तिन्ही वायर मिळून एकात धरल्या तर धारांची बेरीज शून्य होते आणि मीटर काहीच दाखवत नाही. रोध मोजायचा तर पुरवठा बंद करून, केबल स्टार्टरपासून सोडवूनच. गुंडाळीची तिन्ही मापे जवळजवळ सारखी यायला हवीत.

केबलचा हिशोब बहुतेक जण सोडून देतात, आणि नुकसान तिथेच असते. तांब्याच्या १ चौरस मिमी जाडीच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला मीटरमागे ०.०१७२ ओहम. २०० मीटर लांब, २.५ चौरस मिमी केबलच्या प्रत्येक तारेचा रोध १.३८ ओहम येतो. वरच्या मोटारीला तीत सुमारे १६ व्होल्ट पडतात आणि तिन्ही तारांत मिळून २६४ वॅट वाया जातात. ४ चौरस मिमी घेतल्यास १० व्होल्ट आणि १६५ वॅट. बोअरपर्यंत बांधावर उघडी पडलेली केबल मे महिन्याच्या उन्हात ६५ अंशांवर गेली, तर तेवढ्या भागाचा रोध आणखी साडेसतरा टक्के वाढतो. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रातली वीज ४०० किलोव्होल्टवर बाहेर पाठवतात तीही तारांतला हा अपव्यय टाळण्यासाठीच, कारण व्होल्टेज जास्त तर तेवढ्याच शक्तीला धारा कमी लागते. शक्तिगुणक १ धरला तर ५०० मेगावॅटसाठी या व्होल्टेजवर ७२२ अँपिअर पुरतात; ११ किलोव्होल्टवर २६,००० हून अधिक लागले असते.

सैल जोड याहून धोक्याचा. जोडावर फक्त अर्धा ओहम रोध असला तरी ८ अँपिअरला तिथे ४ व्होल्ट पडतात. मीटरवर ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत, पण त्या एका बिंदूवर ३२ वॅट उष्णता, म्हणजे एका सोल्डरिंग आयर्नइतकी, साठते आणि कनेक्टर वितळतो. अ‍ॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर तांब्याच्या केबलला नुसती पिळून जोडली की हे हमखास होते, कारण ओल लागताच अ‍ॅल्युमिनियम गंजते आणि रोध वाढत जातो. तिथे दोन्ही धातूंसाठीचा बायमेटॅलिक लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड) वापरावा आणि तो क्रिंपिंग टूलने दाबून बसवावा.

सौर पंपाच्या पॅनेलमधून डीसी (एकाच दिशेने वाहणारी धारा) येते, त्यामुळे शक्तिगुणकाचा प्रश्न नाही. व्होल्टेज आणि धारेचा सरळ गुणाकार चालतो. अट एवढीच, की दोन्ही मापे पंप चालू असताना एकाच वेळी घेतलेली असावीत. उघड्या टोकांवरचे व्होल्टेज आणि टोके जोडून मोजलेली धारा यांचा गुणाकार पॅनेल कधीही देऊ शकत नाही इतका मोठा येतो.