नाच्या (पूर्व विदर्भातील खडी गंमत)

नाच्या : पूर्व विदर्भातील खडी गंमत या लोकनाट्यात स्त्रीवेष घेऊन नाचणारा, गाणारा आणि संवाद बोलणारा पुरुष कलावंत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. तेथे आणि नागपूर जिल्ह्यातील खेड्यांत ही गंमत आजही होते. शाहीर, नाच्या, सोंगाड्या आणि ढोलकी, तुणतुणे, टाळ यांवर साथ करणारे असा तिचा फड असतो. साथीदारांसह सारेजण सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभेच राहतात, म्हणून ती ‘खडी’. नाच्यावाचून गंमत रंगत नाही, तरी फड ओळखला जातो तो शाहिराच्या नावाने.

गंमतीचा हंगाम धानाशी बांधलेला आहे. दिवाळीनंतर धान कापून, चुरून (मळून) घरात येऊ लागले की गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, लेकीबाळी आणि पाहुणे गावात येतात, आणि रात्री कोठे नाटक, कोठे दंडार हे लोकनाट्य, तर कोठे गंमत उभी राहते. फडातले बहुतेक कलावंत शेतकरी किंवा शेतमजूर असतात. दिवसा हाती विळा धरणारा माणूस रात्री पायात घुंगरू बांधतो, आणि सकाळी चेहऱ्यावरचा रंग पुरता उतरायच्या आत पुन्हा धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, उभा राहतो. नाच्या होणे हा त्यामुळे पूर्णवेळचा व्यवसाय क्वचितच असतो, पण ‘नाच्या’ ही ओळख मात्र वर्षाचे बाराही महिने माणसाला चिकटून राहते.

नाच्याच्या कलेचे मर्म नुसत्या वेषांतरात नाही. लुगडे, अंबाडा आणि बांगड्या कोणालाही घालता येतात. चालण्यातला तोल, मान वळवण्याची ढब, गौळणीतला लटका राग आणि लावणीतली मुरड ही वर्षानुवर्षे एखाद्या जाणत्या नाच्यामागे उभे राहून शिकावी लागते. पदर हे त्याचे सर्वांत मोठे साधन होय. लाजताना तो तोंडावर येतो, भांडताना कमरेला खोचला जातो, आणि शौकिनाने बक्षीस दिले की ते घेण्यासाठी तोच पुढे पसरला जातो. गौळणीत सोंगाड्याने अडवलेली गवळण, वगात नवऱ्याने टाकलेली बायको आणि कवनात सासुरवाशीण अशी तीन वेगळी माणसे एका रात्रीत उभी करणारा नाच्या आपल्या आईचे, मावशीचे, शेजारणीचे वागणे वर्षभर निरखत असतो. ही अभिनयाची कठीण शाखा आहे, आणि तिची दखल त्याच गांभीर्याने घेतली गेली पाहिजे. शहरी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व (1888–1967) यांच्या लुगडी नेसण्याच्या व केस बांधण्याच्या पद्धतीचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया करीत, आणि 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. झाडीपट्टीच्या नाट्यकलेलाही 2023 मध्ये तेथील नाट्यकलावंत परशुराम खुणे यांच्या पद्मश्रीच्या रूपाने मान मिळाला. खेड्यातल्या नाच्याच्या वाट्याला मात्र टाळी, बक्षीस आणि टोमणा या तिन्ही गोष्टी एकाच मांडवात येतात.

चाहत्यांच्या गटबाजीला येथे जुनी परंपरा आहे. पूर्वी शौकीन बैलबंड्या जुंपून आवडत्या फडामागे गावोगाव जात. आता मोटारसायकलींवर जातात. दोन फड समोरासमोर आले की गावही कलगी आणि तुरा अशा दोन बाजूंत वाटले जाते. कलगीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला, श्रेष्ठ मानतात. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषाला. शाहीर एकमेकांना कूट सवाल घालतात, उत्तर न आल्यास हार मानावी लागते, आणि आपल्या बाजूच्या शाहिराचा सवाल कसा बिनतोड होता हे शौकीन पुढे आठवडाभर पारावर सांगत राहतात. स्त्रीतत्त्व मोठे की पुरुषतत्त्व या प्रश्नावर रात्र जागवणारी ही लोकपरंपरा आहे, आणि तो वाद चालू असताना मध्ये उभा असतो स्त्रीवेषातला पुरुष. अर्धनारीश्वराचे कवन भक्तिभावाने ऐकणाऱ्या गावाने नाच्याच्या घरचा विचारही तितक्याच मोकळेपणाने करावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

येथेच लिंगभावाचा प्रश्न येतो, आणि त्यात दोन चुका सर्रास होतात. पहिली चूक म्हणजे प्रत्येक नाच्याला ‘बायल्या’ ठरवणे. पुष्कळ नाचे लग्न झालेले, लेकरेबाळे असलेले पुरुष असतात. लुगडे हा त्यांच्यासाठी भूमिकेचा पोशाख असतो आणि ती संपली की तो पेटीत जातो. तरीही त्यांच्या मुलामुलींच्या सोयरिकी जुळवताना बापाच्या नाचण्याचा विषय निघतोच. चित्रपटांत नाच्याच्या भूमिका गाजवणारे गणपत पाटील हे संसारी गृहस्थ असूनही त्यांना आयुष्यभर हाच संशय आणि हीच हेटाळणी सोसावी लागली. खेड्यातल्या अनाम कलावंताची गोष्ट त्यावरून समजून घेता येते. दुसरी चूक याच्या उलट आहे. कलेची अब्रू राखण्याच्या भरात ‘हे सगळे नुसते सोंग आहे’ असे सांगितले जाते आणि ज्यांच्यासाठी ते सोंग नव्हते, अशांना पुसून टाकले जाते. काहींसाठी गंमतीची रात्र हीच वर्षातली अशी वेळ असते, जेव्हा त्यांना मनातल्या रूपात चारचौघांसमोर उभे राहता येते आणि लोक हसत नाहीत, उलट ‘वन्स मोअर’ देतात. यांपैकी कोणी स्वतःला स्त्री मानतो, कोणी पारलिंगी (ट्रान्सजेंडर), कोणी तृतीयपंथी समाजाच्या घराण्यात जातो, तर कोणी कोणतेच नाव न घेता जगतो. भूमिका आणि ओळख या दोन गोष्टी कोणाच्या बाबतीत जुळतात आणि कोणाच्या नाही, हे ज्याचे त्यानेच सांगायचे असते.

‘पारलिंगी’, ‘लिंगभाव’ हे शब्द खेड्यात शाळेतून किंवा घरातून आलेले नाहीत. ते बहुतांशी मोबाइलमधून आले. 2016 च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मांडवातली गंमत यूट्यूबवर दिसू लागली. पुण्या-मुंबईत किंवा सुरतेला कामाला गेलेला माणूस आपल्या मुलखातला फड रात्री खोलीवर बसून पाहू लागला. याच सुमारास टिकटॉक आले. फडात कधीही उभी न राहिलेली पोरे आईची साडी नेसून, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) किंवा तलावाच्या पाळीवर नाचून चित्रफिती टाकू लागली. नाच्याची कला शाहिराच्या आणि फडाच्या आधाराशिवाय अशी प्रथमच स्वतंत्र झाली. 29 जून 2020 रोजी टिकटॉकवर भारतात बंदी आली, तेव्हा तेथे जमवलेला चाहतावर्ग हातचा गेला. ज्यांच्याकडे दुसरे व्यासपीठ नव्हते, त्यांच्यासाठी हे नुकसान मोठे होते, कारण त्या चाहत्यांत त्यांना पहिल्यांदाच आपल्यासारखे कोणी भेटलेले असे. पुढे अनेकजण इन्स्टाग्रामच्या रीलकडे वळले.

या ऑनलाइन शौकिनांची रीत जुन्या शौकिनांहून फार वेगळी नाही. मांडवात बक्षीस देणाऱ्याचे नाव पुकारले जाई. थेट प्रक्षेपणात चाहत्याचे नाव वाचून दाखवले जाते. शिवाय आता चाहतेही कलावंत झाले आहेत. आवडत्या नर्तकाचे पेन्सिलने रेखाटलेले चित्र, मोबाइलवरच रंगवलेले रूप, छायाचित्रांना गाणे जोडून केलेले ‘एडिट’ हा या जगातला अहेर असतो. ज्याला स्वतः साडी नेसून पुढे येण्याची हिंमत नाही, तो पुष्कळदा दुसऱ्याचे चित्र काढतो, किंवा कल्पनेतल्या एखाद्या पात्राला आपल्याला हवे ते रूप आणि नाव देतो. या चित्रांकडे पोरखेळ म्हणून पाहू नये, कारण स्वतःविषयी जे मोठ्याने सांगता येत नाही ते अनेकांनी आधी अशा चित्रांतूनच सांगितलेले असते.

खेड्यात दोन खाती ठेवण्याची पद्धत यातूनच रुजली. एक खाते गावच्या नावाचे, काकामामांना दिसणारे. दुसरे स्वतः निवडलेल्या नावाचे, बहुधा स्त्रीनामाचे. दुसऱ्या खात्यावर मैत्रिणी ‘ताई’ म्हणतात, आणि तेवढ्या एका हाकेसाठी माणसे दिवसभर वाट पाहतात. घरात एकच मोबाइल असला की मात्र ही भिंत सहज कोसळते. चित्रफीत गावच्या व्हॉट्सॲप गटावर फिरते, शिव्या येतात, मारहाणही होते. मांडवातला टोमणा रात्रीबरोबर विरून जाई. मोबाइलवरचा टोमणा साठून राहतो, आणि म्हणून तो अधिक जिव्हारी लागतो.

कायद्याने या काळात बरेच अंतर कापले. 15 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींचा आपला लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा 2019 चा कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 4.88 लाख व्यक्तींची नोंद ‘इतर’ या लिंगवर्गात झाली होती. घरच्यांसमोर प्रगणकाला उत्तर द्यावे लागत असताना ग्रामीण भागातून ही नोंद पूर्ण झाली असेल, असे मानणे कठीण आहे.

काही फडांत आता स्त्रिया नाचतात आणि नाच्याची जागा आक्रसत आहे. स्त्रियांना रंगमंच मिळणे योग्यच आहे. मात्र त्यामुळे जुन्या नाच्यांची विद्या नोंदवून ठेवण्याचे काम निकडीचे झाले आहे. गंमतीच्या ज्या चित्रफिती शौकिनांनी मोबाइलवर साठवल्या आहेत, त्यांच्या मथळ्यात बहुधा शाहिराचे आणि गावाचे नाव असते. नाच्याचे नाव शोधावे लागते ते खालच्या प्रतिसादांत, जेथे एखादा जुना शौकीन ते आठवणीने लिहून ठेवतो.