शितावरून भात आणि रखडलेली क्वेरी

काल संध्याकाळी दोन सेकंदांत निघालेला रिपोर्ट आज सकाळी वीस मिनिटं झाली तरी फिरतोच आहे. प्रोग्रॅम तोच, सर्व्हर तोच, आणि ऑफिसातला प्रत्येक जण शपथेवर सांगतो, 'आम्ही कशालाही हात लावलेला नाही.' डेटाबेस सांभाळणाऱ्यांना हे वाक्य पाठ असतं. गंमत म्हणजे बऱ्याचदा ते खरंही असतं.

आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती टेबलांत ठेवण्याची, कल्पना मांडली. त्यातून पुढे आलेली सोय अशी, की आपण फक्त काय हवं ते सांगायचं आणि ते कसं शोधायचं हे यंत्राने ठरवायचं. 'बारामतीतल्या ग्राहकांची थकीत बिलं दाखव' एवढंच आपण म्हणतो; या मागणीलाच क्वेरी म्हणतात. आधी ग्राहकांचं टेबल उघडायचं की बिलांचं, इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी टेबलाची सूची) वापरायचा की सगळं टेबल वाचून काढायचं, हे डेटाबेसमधला प्लॅनर ठरवतो. म्हणजे आपण काही बदललं नाही तरी त्याने वाट बदललेली असू शकते.

इंडेक्स आहे ना, मग तो वापरलाच पाहिजे, असा एक लाडका गैरसमज आहे. एक कोटी नोंदींतून एकच ग्राहक क्रमांक हवा असेल तर इंडेक्स तीन-चार पायऱ्यांत तिथे पोचवतो, हे खरं. पण पुस्तकाच्या सूचीत एखाद्या शब्दापुढे निम्म्या पुस्तकाचे पानांक दिले असतील, तर पुढे-मागे पानं उलटत बसण्यापेक्षा पुस्तक सरळ वाचलेलं बरं. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस हा हिशेब आकड्यांत करतो: ओळीने पुढचं पान वाचायचा खर्च १, मधलंच कुठलंतरी पान उघडायचा ४. (हा ४ फिरत्या हार्ड डिस्कच्या जमान्यातला. एसएसडी असेल तर बरेच जण तो १.१ वर आणतात.)

मग सगळं येऊन थांबतं एका प्रश्नावर: या अटीत किती नोंदी बसतील? आणि हे प्लॅनरला शोध घेण्याआधीच सांगायचं असतं. म्हणून तो शितावरून भाताची परीक्षा करतो. टेबल केवढंही मोठं असलं तरी मूळ सेटिंगमध्ये पोस्टग्रेस त्यातल्या ३०,००० ओळी (म्हणजे नोंदी) उचलतो आणि कुठली मूल्यं किती वेळा दिसली याचं टिपण ठेवतो. साधारण १० टक्के ओळी बदलल्याशिवाय हे टिपण आपोआप ताजं होत नाही. एक कोटीच्या टेबलात म्हणजे १० लाख ओळी. रात्री कुणी नव्या योजनेचे ५ लाख ग्राहक भरले, तर सकाळी प्लॅनर जुन्याच भाताच्या चवीवर निर्णय घेत असतो.

टिपण ताजं असूनही तो फसतो, आणि ती फसगत मला जास्त मजेची वाटते. समजा, एक कोटी ग्राहकांपैकी दहावा हिस्सा पुणे जिल्ह्यातला, शंभरावा बारामती तालुक्यातला आणि दोनशेवा ४१३१०२ या बारामतीच्या पिनकोडचा. क्वेरीत तिन्ही अटी घातल्या. आपल्याला कळतं, की पिन जुळला म्हणजे तालुका आणि जिल्हा जुळलाच; उत्तर ५०,००० ग्राहक. प्लॅनरला भूगोल येत नाही. तो तिन्ही अपूर्णांकांचा गुणाकार करतो आणि म्हणतो, ५०! पन्नास ग्राहकांसाठी बिलांच्या टेबलात पन्नासदा डोकावणं हा उत्तम बेत आहे. तोच बेत पन्नास हजार वेळा राबवायचा म्हटलं, की रिपोर्ट रखडला.

हा गुणाकार आजचा नाही. आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रकल्पासाठी पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली खर्चाच्या अंदाजावरून मार्ग निवडण्याची पद्धत मांडली, त्यात तो होता. आपण स्तंभ (म्हणजे जिल्हा, तालुका यांसारखे टेबलातले रकाने) एकमेकांपासून स्वतंत्र धरतोय, हेही त्यांनी तिथेच प्रांजळपणे लिहून ठेवलं होतं.

तेव्हा क्वेरी रखडली की लगेच रॅम वाढवायचं कोटेशन मागवू नये. आधी बघावं, ती धावते आहे की ताटकळली आहे. कुणीतरी एखादी नोंद बदलून, कमिट न करता (म्हणजे बदल पक्का न करता) जेवायला गेलेलं असतं, आणि तीच नोंद बदलू पाहणारे मागचे सगळे तिला लागलेल्या कुलपापाशी उभे असतात. धावत असेल तर एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ ही आज्ञा चालवावी. ती प्रत्येक पायरीवर दोन आकडे दाखवते: अंदाजे किती ओळी, आणि प्रत्यक्षात किती. (ती क्वेरी खरोखर चालवते. नोंदी पुसणाऱ्या डिलीटवर आजमावणाऱ्यांनी जपून.) खर्चाचे बाकीचे आकडे मी सुरुवातीला बघतच नाही. जिथे ५० आणि ५०,००० अशी तफावत दिसते, तिथे बोट ठेवायचं.

टिपण जुनं असेल तर नुसतं अ‍ॅनालाइझ (टिपण ताजं करणारी वेगळी आज्ञा) चालवलं तरी काम होतं. बारामतीसारख्या घोळासाठी २०१७ साली पोस्टग्रेस १० मध्ये क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही आज्ञा आली. पिन, तालुका आणि जिल्हा एकमेकांना बांधलेले आहेत, हे ताडायला तिने प्लॅनरला सांगता येतं. मात्र ती चालवल्यावर अ‍ॅनालाइझ पुन्हा चालवायचं विसरायचं नाही, नाहीतर प्लॅनर जुनीच शितं चेपत बसतो.